सूपभर कोंड्याची लेक

युसूफ वडगावात त्रिंबकरावांची आठवण निघाली की दोन माणसांचं एकमत म्हणून व्हायचं नाही. तालमीतले म्हणायचे, गडी मुळात पैलवान, बाकीचं सगळं फावल्या वेळातलं. भजनी मंडळी म्हणायची, कुस्ती काय कुणीही करतं, पखवाजावर त्रिंबकचा हात पडला की मारुतीच्या देवळात निजलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून बसायची. ज्यांचे निखळलेले खांदे नि मोडलेली मनगटं त्यांनी बसवून दिली होती, त्यांच्या लेखी ते हाडवैद्य. बायकांच्या लेखी आचारी, कारण दोनशे माणसांच्या आमटीत मीठ कमी की जास्त, हे ते नुसत्या वाफेवरून सांगायचे. आणि कचेरीचं काम पडलेले म्हणायचे, ते सगळं राहू द्या, अख्ख्या गावात शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मोडीही लिहिणारा आणि उर्दूही वाचणारा दुसरा माणूस दाखवा.

चंद्रभागा, त्यांची बायको, हे वाद दाराआडून ऐकायची आणि कणीक तिंबत राहायची. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण तिला जो माणूस ठाऊक होता, तो नऊ दिवस एका दोरीच्या पलीकडे उभा होता. ते कळायचं तर आधी सूपभर कोंड्याची गोष्ट ऐकावी लागते.

चंद्रभागेची पहिली तीन लेकरं गेली होती. पहिला मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला, दुसरी मुलगी बाराव्या दिवशी. तिसरा मुलगा मात्र चांगला अकरा महिन्यांचा झाला, धरून उभा राहायला लागला. त्रिंबकरावांनी त्याच्यासाठी बाभळीच्या लाकडाचा पांगुळगाडा केला, त्याच्या चाकांवर मोर कोरले. जत्रेच्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन ते कुस्तीच्या फडात उतरले आणि साऱ्या माणसांसमोर ओरडले, "बघून घ्या, हा माझा वाघ हाय." लोक हसले, कुणी पोराच्या हातात रेवड्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पोराला ताप भरला आणि पाचव्या दिवशी त्रिंबकरावांनीच मळ्यात चिंचेखाली खड्डा खणला.

सासू भिवराबाई त्यावर फक्त एवढंच म्हणाली, की आपल्याला जे मिळतं ते असं चव्हाट्यावर मिरवू नये. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. पण चंद्रभागेच्या काळजात ते वाक्य काट्यासारखं मोडून बसलं.

म्हणून चौथ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा भिवराबाईनं जुना रिवाज काढला. पाचवीच्या सकाळी उघड्या लेकराला सुपात घातलं आणि सूप उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. शेजारच्या आसारामची बायको चतुराबाई ठरल्याप्रमाणे तिथून निघाली. तिला ओळीनं सहा मुलगे, सहाही जिवंत, ठणठणीत. म्हणून तिची निवड. तिनं सुपात डोकावून नाक मुरडलं आणि मोठ्यानं विचारलं, ही कुणाची घाण पडलीय हितं. भिवराबाई म्हणाली, कुणाचीच न्हाई, पाहिजे तर ने. चतुराबाईनं सूपभर कोंडा मोजून दिला नि लेकरू उचललं. नाव ठेवलं दगडाबाई. दगडाला कोण नजर लावतंय? मग चतुराबाईनंच लेकरू चंद्रभागेच्या ओटीत टाकलं, की माझ्याकडं दूध न्हाई, तू सांभाळ, पण हाय ती माझी.

आता पाच वर्षं पुरी होईतो त्या लेकराला आपलं म्हणायचं नाही. पाच वर्षांनी चतुराबाईला लुगडं-चोळी करून ते माघारी घ्यायचं. मधेच कुणी तोंडानं 'माझं' म्हटलं तर सगळं वाया, पुढचं बोलायलाच नको.

सगळ्या घराला धास्ती एकाच तोंडाची. त्रिंबकरावांना गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. ते बैलांशी बोलायचे, विहिरीत वाकून पाण्याशी बोलायचे, एकटेच चालले तरी वसुलीला येणाऱ्या गिरदावराची नक्कल करत चालायचे. चंद्रभागेनं बाळंतिणीच्या खोलीच्या दारात त्यांना उभं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"तुमी जगात काय बी बोला," ती म्हणाली. "दोनच शब्द बोलू नका. माझी लेक, एवढं बोलू नका. पाच वरसं."

त्यांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. ताप काय घर इचारून येतो का, असं ते मित्रांत म्हणायचे. पण तिच्याकडं पाहून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "जबान दिली."

आणि या माणसाची गंमत अशी, की जबान दिली ती तोंड पाडून पाळली नाही. त्यांनी त्यातूनच खेळ काढला. त्या काळी बापानं वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःचं लेकरू उचललं तर बेअदबी मानायचे; पोर रडून काळंनिळं झालं तरी बाप खांबाकडं बघत बसायचा. पण दगडा तर शेजाऱ्याची. त्रिंबकराव तिला आपल्या वडिलांसमोर, सुंदररावांसमोर, खुशाल कडेवर घेऊन हिंडायचे. एकदा सुंदररावांनी खाकरून दटावलं, "त्रिंबक, पोर खाली ठिव." त्रिंबकराव गरिबासारखा चेहरा करून म्हणाले, "आबा, शेजाऱ्याचं लेकरू हाय. रडतंय तर टाकून देऊ व्हय? आसाराम काय म्हणंल?" भिवराबाई पदर तोंडात धरून आत पळाली.

त्या मुलीला त्यांनी जे वाढवलं ते पाहून गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागल्या. ते तिची वेणी घालायचे, तीही ओसरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. पखवाज आडवा ठेवून तिला त्यावर पालथी निजवायचे आणि दोन्ही बाजूंनी बोटांनी असा मऊ ठेका धरायचे की पोर तिथंच झोपायची. भाकरी थापता थापता तिला कान काढायचे आणि ससा म्हणून हातात द्यायचे. बीडला कचेरीच्या कामाला गेले तर माघारी मांजरसुंब्याचा घाट पायी चढून यायचे. असंच एकदा येताना त्यांनी बीडच्या कारागिराकडून वीतभर छागल शिवून आणली. बीडची कातड्याची छागल, पाणी गार ठेवणारी, प्रवासी माणसं नेतात ती. पण ही एवढुशी, दगडाच्या खांद्याला अडकवता येईल अशी. घोटभर पाणी मावायचं. पोर दिवसभर ती अडकवून दाराबाहेर 'गावाला' जायची आणि दाराच्या आत परत यायची.

आणि बोलायला लागल्यावर तर दोघांचा रोजचाच खेळ.

"कुणाची गं तू?"

"चतुलाईची."

"मग हितं कावून आलीस?"

"जेवायला."

सगळी ओसरी हसायची. चंद्रभागाही हसायची, पण हसताना तिची नजर पोरीच्या कपाळावर असायची, तिथं ऊन लागलंय की तापाची लाली आहे, हे बघत. दिवसातून दहादा ती पोरीच्या मानेखाली उलटा हात लावून बघे. शिंक आली की हातातलं काम थांबे. त्रिंबकराव हे बघायचे, पण त्यावरून तिची चेष्टा मात्र त्यांनी कधी केली नाही. बाकी सगळ्या जगाची केली.

दगडा दोन वर्षांची असताना खानेसुमारी आली. निजामसरकारचा हुकूम, घरोघर माणसं मोजून लिहायची. गिरदावराला मराठी बोलणं समजेना आणि गावाला त्याचं उर्दू; तेव्हा लिहायचं काम आपोआप त्रिंबकरावांकडं आलं. तीन दिवस ते ऐटीत हिंडले. अक्षर मोत्यासारखं, कुठं खाडाखोड नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःचं घर आलं. गिरदावरानं पानाचा विडा या गालातून त्या गालात सारत विचारलं, बच्चे?

चंद्रभागा दाराआड होती. फटीतून तिला त्यांचा फक्त हात दिसत होता. कलम कागदावर टेकलेली, हलत नव्हती. मग ते म्हणाले, न्हाईत. आणि पुढच्या घरी, आसारामच्या नावाखाली, सहा मुलग्यांनंतर त्यांनी एक मुलगी लिहिली. बोलायचं नाही ते लिहायचं कसं, असाच त्यांनी विचार केला असणार. त्या दिवशी जेवून हात धुताना ते चंद्रभागेला एवढंच म्हणाले, "लिवलं तिकडं." तिला बरं वाटलं. आता तर सरकारदरबारीसुद्धा पोर आपली नव्हती. यमाचे दूत कागद बघत असतील तर त्यांनाही सापडायची नाही.

पुढच्या हिवाळ्यात गावात उंदीर मरून पडायला लागले. आधी वाण्याच्या बळदात, मग देवळामागं. ज्यांनी आधीची प्लेगची साथ पाहिली होती त्यांना सांगावं लागलं नाही. चार दिवसांत गाव मोकळं झालं आणि माळावर तुराट्यांच्या, कडब्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्रिंबकरावांनी स्वतःची एक बांधली आणि विधवांच्या, म्हाताऱ्यांच्या मिळून आणखी सात. माळावर पाणी नव्हतं, तर ओढ्याच्या वाळूत झरा उकरून दिला. रोज संध्याकाळी भजन लावलं, कारण, ते म्हणायचे, माणूस भ्याला की अर्धा आजारी तिथंच पडतो.

नवव्या दिवशी आसारामच्या काखेत गाठ आली.

तालुक्याहून माणसं आली: एक दागतर, एक कारकून, चार जवान. ओढ्यापलीकडं त्यांनी तट्ट्यांचे तीन कोठे उभारले आणि भोवती काथ्याची दोरी बांधली. त्याला कारंटीन म्हणायचे. ज्या घरात गाठ निघेल ते सगळं घर दहा दिवस दोरीच्या आत. गाठ आलेले एका कोठ्यात, घरातले बाकीचे दुसऱ्या, आणि त्यांतल्या कुणाला ताप आला तर तो तिसऱ्या. घरातली माणसं किती, ते खानेसुमारीच्या कागदावरून ठरायचं, कारण लोक लेकरं लपवत.

कारकुनानं आसारामच्या झोपडीसमोर उभं राहून वाचलं: मर्द एक, औरत एक, लडके सहा, लडकी एक. आतला आसाराम धरून माणसं भरली आठ.

"लडकी कुठंय?"

चतुराबाई म्हणाली, मला लेक न्हाई. कारकून म्हणाला, कागदावर आहे. चतुराबाई म्हणाली, मग कागदाला झाली आसंल. आसाराम आत कण्हत होता, पोरं रडत होती, आणि ती बाई शेजारणीच्या लेकरासाठी सरकारी माणसाशी हुज्जत घालत होती. कारकून चिडला. त्यानं जवानांना आसपासच्या झोपड्या बघायला सांगितलं.

दगडा त्रिंबकरावांच्या झोपडीपुढं छागल अडकवून उभी होती. जवान दाढीवाला, बरा माणूस होता. तो उकिडवा बसला आणि त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, बेटी, तू कुणाची?

पोरीला वाटलं, खेळ. ती हसली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "चतुराईची."

तिथं त्रिंबकराव होते, सुंदरराव होते, भिवराबाई होती, निम्मा माळ होता. कारकून कागद घेऊन आला. अक्षर त्यानं ओळखलं होतं. त्यानं त्रिंबकरावांना विचारलं, हे तुम्हीच लिहिलं ना, मग खरं का खोटं ते तुम्हीच सांगा.

दोनच शब्द होते. त्रिंबकरावांनी चंद्रभागेकडं पाहिलं. ती झोपडीची मेढ धरून उभी होती. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर घसरलाय, हेही तिला कळलं नव्हतं. दोरीच्या आत गाठ होती, हे तिला दिसत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं जत्रेचा फड उभा राहिला, खांद्यावरचा पोरगा, त्याच्या मुठीतल्या रेवड्या. तिनं मान हलवली. नको म्हणून.

ही मान हलवल्याचं तिनं पुढं जन्मभर कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ज्यानं बघायचं त्यानं बघितलं होतं.

त्रिंबकरावांनी दगडाला उचललं आणि कारकुनाला म्हणाले, "सायेब, कागद खरा हाय. पर लिवताना एक माणूस सुटला. आसारामच्या घरात मी बी हाय. चतुराबाईचा भाऊ."

कारकून त्यांना चांगला ओळखत होता. तो म्हणाला, त्रिंबकराव, आत गाठ आहे, कुस्तीचा फड नाही. ते म्हणाले, ठावं हाय, लिवा तुमी. सुंदररावांनी दोन पावलं पुढं टाकली, काठी उगारली, आणि मग तीच काठी टेकून जागच्या जागी खाली बसले. चतुराबाईनं धाकट्याला कडेवर घेतलं, त्रिंबकरावांकडं बघितलं. "चल दादा," ती म्हणाली. तिला भाऊ नव्हता.

दोरीपलीकडचे दिवस चंद्रभागेनं ओढ्याच्या अलीकडच्या काठावरून पाहिले. जवान पुढं जाऊ देत नसत. दोनशे पावलांवरून माणूस ओळखू येतं, चेहरा नाही. तिला दिसलं नि जवानांच्या तोंडून कळलं ते असं, की पहिल्याच दुपारी त्रिंबकरावांनी सातही पोरांना कोठ्याबाहेर काढलं, तट्ट्याच्या भिंतीपासून लांब बाभळीखाली जागा झाडली, आणि आम्ही उघड्यावरच राहू असं दागतराला सांगून टाकलं. तट्ट्यात उंदीर शिरतात, हे त्यांना बांधतानाच दिसलं होतं. तीन दगडांची चूल झाली. पाणी उकळल्याशिवाय कुणाला मिळेना. सकाळी पोरांच्या जोर-बैठका, दुपारी घागर पालथी घालून तिच्यावर ठेका. ऐकायला आलेला जवान दोरीच्या बाहेर मांडी घालून बसला, आणि तिसऱ्या दिवशी तर दागतरसाहेबसुद्धा घागरीजवळ उभे राहून पायानं ताल धरताना दिसले.

आणि रोज सूर्य टेकला की ते दोरीजवळ येऊन उभे राहायचे आणि दगडाला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायचे. काही ओरडायचे नाहीत. पोर वर गेली म्हणजे पोर बरी आहे, एवढं चंद्रभागेला कळायचं. मग ती उठायची, झोपडीत जाऊन दोन घास खायची.

चौथ्या दिवशी आसाराम गेला. गाठीच्या माणसाला खांदा द्यायला कोणी पुढं येत नसे. जवान लांब काठ्यांनी ढकलत नेत. त्रिंबकरावांनी दागतराकडं कापूर मागितला, धोतराचा पदर नाकाला बांधला आणि आसारामला एकट्यानं पाठीवर घेतलं, कुस्तीत गडी उचलतात तसं. आसारामच्या थोरल्या पोरानं पुढं होऊन विस्तव धरला. त्या संध्याकाळी दोरीजवळ यायला त्यांना उशीर झाला. पण आले. अंगावरून घागरभर पाणी ओतून घेतलेलं, केस निथळत होते. पोर वर गेली.

मग नववी संध्याकाळ आली. सूर्य टेकला. बुडाला. पोर वर गेली नाही.

चंद्रभागा उठली. मग तिनं ओच्याला हिसका दिला आणि ओढ्यात उतरली. अलीकडचा जवान ओरडला. तिनं मागं वळून बघितलं नाही. पाणी घोट्याएवढं होतं, वाळूत पाय रुतत होते. ती सरळ दोरीपर्यंत गेली.

बाभळीखाली त्रिंबकराव पडले होते, अंगावर दोन घोंगड्या, तरी दात वाजत होते. दगडा त्यांच्या छातीला बिलगलेली. दागतरसाहेब शेजारी उभे होते आणि ते चतुराबाईला काही विचारत होते. पेच असा होता: गाठ अजून दिसत नव्हती, पण ताप होता, आणि ताप आलेल्याला कायद्यानं तिसऱ्या कोठ्यात हलवायचं. आसारामचा दुसरा मुलगाही सकाळपासून तापलेला. त्याला सोडून चतुराबाई बाहेर जाईना. मुलीला नऊ दिवस काही झालेलं नव्हतं, तिला दागतर एक दिवस आधीच सोडायला तयार होते. पण बाहेर कुणाच्या हाती? जिला बाहेर कुणी वाली नाही ती ज्याला बिलगलीय त्याच्याचबरोबर आत जाणार.

"ये बच्ची किसकी है?" त्यांनी त्रिंबकरावांना विचारलं. आवाज दरडावणीचा नव्हता. दमलेल्या माणसाचा होता.

त्रिंबकरावांचे डोळे तांबडे झाले होते. त्यांना दोरीपाशी उभी असलेली बाई दिसली.

"मला नगा इचारू, सायेब," ते म्हणाले. "मी जबान देलीय. भाईर उभ्या हायेत, त्यास्नी इचारा."

दागतर वळले. जवान, कारकून, पलीकडच्या काठावर धावत आलेला सगळा माळ, सासरा, सासू, सगळे तिच्याकडं बघत होते. चंद्रभागा परक्या पुरुषाशी आजवर एक शब्द बोलली नव्हती. तिनं दोरीला दोन्ही हातांनी धरलं.

"माझी हाय," ती म्हणाली. मग कुणी ऐकलं नसेल म्हणून, की स्वतःलाच ऐकू यावं म्हणून, ओढ्याच्या त्या काठापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी लेक हाय ती. माझ्या पोटची. आन तिचा बाप त्यो तिथं पडलाय."

कारकुनानं कागद काढला. आसारामच्या नावाखालची एक ओळ खोडली आणि वर त्रिंबकरावांच्या घरात लिहिली. मोत्यासारख्या अक्षरात ती काट पडली. चंद्रभागेनं अंगठा उठवला.

दगडा मात्र यायला तयार होईना. जवानानं तिला सोडवून दोरीबाहेर आणलं तर ती लाथा झाडत ओरडू लागली, की मी चतुराईची हाय, मी न्हाई येणार. ओढा ओलांडून माळावर येईपर्यंत ती तेच ओरडत होती. चंद्रभागेनं तिला छातीशी आवळून धरलं होतं आणि पोरीच्या प्रत्येक किंकाळीला ती आपली एकच उत्तर देत होती, न्हाई गं, माझी. माझी. आता म्हणून टाकलंच होतं, तर मोजून कशाला म्हणायचं?

त्रिंबकरावांचा ताप हिवाचा निघाला. एक दिवसाआड यायचा, घाम फोडून जायचा. गाठ आलीच नाही. चतुराबाईचा मुलगाही उठला. सात दिवसांनी दागतरांनी दोघांना सोडलं, आणि जाताना त्रिंबकरावांच्या पाठीवर थाप मारून काही म्हणाले. काय म्हणाले, ते त्रिंबकरावांनी दर वेळी वेगळं सांगितलं. कधी म्हणायचे, हैद्राबादला चल म्हणाले, दवाखान्यात ठेवतो. कधी म्हणायचे, ती घागर मागत होते.

ओढ्यातून ते आले तेव्हा पाय लटपटत होते. दगडा धावत गेली, त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. समोर सुंदरराव बसलेले. आता पोर शेजाऱ्याची नव्हती. सगळ्या गावानं ऐकलं होतं कुणाची ते. चंद्रभागेनं डोळ्यांनी खुणावलं, की खाली ठेवा. त्यांनी ठेवली नाही. ते बापासमोर तसेच उभे राहिले, पोर खांद्यावर, दम लागलेला. सुंदररावांनी काठीनं शेजारची जागा दाखवली. मग म्हणाले, "बस की बे खाली. पडशील पोरीसकट."

बाकी लोकांना गोष्ट इथं संपली असं वाटतं. चंद्रभागेची संपली नाही. बोलू नये ते ती बोलली होती, पाचातली दोन वर्षं अजून शिल्लक होती, आणि भिवराबाई काही म्हणत नसली तरी पोर जरा शिंकली की तिची जपमाळ थांबायची. चंद्रभागेला झोप लागेना. उजाडायच्या आधी, कोंबडं आरवलं की तिला दचकून जाग यायची आणि हात आपोआप पोरीच्या छातीकडं जायचा, वरखाली होतेय का बघायला.

गावात परतल्यावरची पहिलीच पहाट असेल. तिनं अंधारात हात नेला तर तिथं आधीच एक हात होता. रुंद, पखवाजानं निबर झालेला. पोरीच्या छातीवर नुसता टेकलेला.

"हाय," त्रिंबकराव म्हणाले. "नीज तू."

भिऊ नकोस असं ते म्हणाले नाहीत. काही होत नसतं, हेही नाही. दुसऱ्या पहाटे तिला जाग आली तेव्हाही तो हात तिथं होता, तिसऱ्याही. कधी उठायचे कोण जाणे. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जो माणूस भाकरीचा ससा केला तरी गावभर सांगत सुटायचा, त्यानं दोन वर्षांत याचा शब्द कुठं काढला नाही.

दगडाला पाच वर्षं पुरी झाली. चतुराबाईला बोलावून साग्रसंगीत लुगडं-चोळी केली नि पोर माघारी घेतली; हिरवं लुगडं तिला आता चालत नव्हतं म्हणून पांढरं घेतलं होतं, त्याला काठ मात्र त्रिंबकरावांनी भांडून रंगीत लावायला लावला. आसारामची सहाही पोरं पोटभर जेवली. रात्री सासूनं समाधानानं सांगितलं, की आता चिंता मिटली, आता खुशाल झोपा.

पहाटे कोंबडं आरवलं. चंद्रभागेचा हात सवयीनं पोरीच्या छातीकडं गेला, आणि त्यांच्या हातावर पडला.

"हाय," ते म्हणाले.

तिनं हात काढून घेतला नाही. तसाच ठेवला, त्यांच्या हातावर, उजाडेपर्यंत.